आरओ बसवण्याआधी शेवटचा नळ तपासा

सरपंचताई, आपला प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. आपले गाव अडीच हजार वस्तीचे आहे. ओढ्याकाठी सार्वजनिक विहीर आहे, तिथून ५०,००० लिटरच्या उंच टाकीत पाणी चढते आणि एक दिवसाआड नळाला सुटते. विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारण्यासाठीची क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर, पडते, तरीही सलग दोन वर्षे जुलैमध्ये जुलाब-उलट्या आणि ऑगस्टमध्ये कावीळ, हा क्रम चुकलेला नाही. प्रयोगशाळेचा एक अहवाल 'पिण्यास योग्य' म्हणतो, पुढचा 'अयोग्य'. ग्रामसभेने वित्त आयोगाच्या निधीतून आरओ प्लांट बसवण्याची मागणी केली आहे आणि तो बसवावा का, असे आपण विचारता.

गावपातळीवरच्या पाण्याच्या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की आरओ आत्ता बसवू नये. आरओचे खरे काम पाण्यातले विरघळलेले क्षार काढण्याचे आहे. त्याच्या पडद्यातून जंतूही पलीकडे जात नाहीत हे खरे. पण क्लोरीनही आधीच काढून टाकलेला असतो, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याला पुढच्या प्रवासात कसलेही संरक्षण उरत नाही. ते पाणी जारमध्ये भरले, घरी माठात ओतले आणि त्यात कोणाचा हात बुडाला, की ते पुन्हा दूषित होण्यास वेळ लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा विहिरीच्या पाण्याबरोबरच खासगी आरओ केंद्रांच्या पाण्याचे काही नमुनेही दूषित आढळले होते आणि महापालिकेने अनेक केंद्रे बंद केली होती. शिवाय जितके गोड पाणी मिळते साधारण तितकेच, कधी त्याहून जास्त, क्षारयुक्त पाणी बाहेर टाकावे लागते. आणि जार विकत घेणे ज्यांना परवडत नाही, ती घरे नळाचेच पाणी पीत राहतात. आजारी पडतात तीही बहुधा हीच घरे.

आता आपल्या गावाच्या दुखण्याकडे पाहू. दूषित पाण्याने होणारे जुलाब काही तासांत किंवा चार-पाच दिवसांत दिसतात. पाण्यातून पसरणारी कावीळ मात्र उशिरा दिसते: 'ए' प्रकारच्या विषाणूची दोन ते चार आठवड्यांनी, 'ई' प्रकारची दोनपासून दहा आठवड्यांपर्यंत, बहुतेकदा पाचव्या-सहाव्या आठवड्यात. म्हणजे जुलैतले जुलाब आणि ऑगस्टमधली कावीळ ही दोन संकटे नसून जूनअखेरच्या पहिल्या मोठ्या पावसात शिरलेल्या एकाच घाणीचे हे दोन हप्ते असावेत, अशी मला दाट शंका आहे. काविळीचे रुग्ण दिसू लागल्यावर, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, घेतलेला नमुना 'योग्य' आला तर त्यात नवल नाही. ज्या पाण्याने आजार दिला ते केव्हाच पिऊन झालेले असते.

अहवालाविषयी आणखी दोन गोष्टी. भारतीय मानक १०५०० प्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू अजिबात आढळता कामा नये. परंतु हा जंतू क्लोरीनला लवकर मरतो आणि विषाणू त्याच्याहून चिवट असतात. म्हणूनच त्याच मानकात शिल्लक क्लोरीन एरवी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ असे दोन आकडे दिले आहेत. काविळीच्या गावाने पावसाळाभर ०.५ चाच आकडा धरावा. दुसरी गोष्ट नमुना कुठून घेतला ही. मी पाहिलेल्या अहवालांपैकी कितीतरी नमुने ग्रामपंचायत कार्यालयाच्या शेजारच्या नळाचे असत, कारण तो सोयीचा. तो नळ टाकीपासून जवळ, दाब चांगला, पाणी उत्तम. शिवाय प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत क्लोरीन मारणारे थायोसल्फेट आधीच घातलेले असते. कोणी 'स्वच्छतेसाठी' ती बाटली विसळून घेतली, तर वाटेत क्लोरीन जंतूंना मारत राहतो आणि वाईट पाण्याचाही अहवाल चांगला येऊ शकतो. बाटली विसळू नये, बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि त्याच दिवशी, निदान चोवीस तासांच्या आत, पोचवावी.

आता टीसीएल. 'पावडर टाकतो' या दोन शब्दांत किती गोष्टी लपतात, याचा अंदाज बहुतेक पदाधिकाऱ्यांना नसतो. ताज्या, चांगल्या टीसीएलमध्ये उपयोगी क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोते उघडल्यापासून तो उडत जातो. उन्हाने, उकाड्याने आणि दमट हवेने फार वेगाने. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात, तोंड उघडे टाकून ठेवलेले, ढेकळे झालेले पोते मी असंख्य वेळा पाहिले आहे. त्यात निम्माही जोर उरलेला नसतो आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर आरोग्य खाते वापरण्यास अयोग्य मानते. म्हणून वर्षभराचा साठा एकदम घेऊ नका. दोन-तीन महिन्यांपुरता घ्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, जमिनीपासून उंच, अंधाऱ्या पण हवेशीर जागी ठेवा आणि प्रत्येक नव्या पोत्याचा नमुना आरोग्य सेवकामार्फत तपासायला पाठवा. मोटारीचा स्टार्टर ज्या खोलीत आहे तिथे तर ही पावडर मुळीच ठेवू नका, तिच्या वाफेने तांब्याचे जोड वर्षभरात हिरवे पडतात.

त्यानंतर प्रमाणाचा हिशेब. आपल्या विहिरीचा व्यास ६ मीटर आहे आणि उन्हाळ्यात पाणी ४ मीटर असते असे धरू. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४, असे केले की सुमारे ११३ घनमीटर, म्हणजे १,१३,००० लिटर येतात. लिटरला २ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर २२६ ग्रॅम क्लोरीन लागतो, आणि पावडर २५ टक्क्यांची असेल तर ती सुमारे ९०० ग्रॅम लागते. जुलैत हीच विहीर ८ मीटरपर्यंत भरते, म्हणजे पाणी दुप्पट. त्यात ओढ्याचा गढूळपणा मिसळलेला, आणि गढूळ पाण्यातली माती व कुजका पाचोळा जंतूंच्या आधी क्लोरीन खाऊन टाकतात. तेव्हा मात्रा दुपटीनेही पुरत नाही. पण पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाचे मोजमाप बाराही महिने एकच असते, डालड्याचा एक डबा. एप्रिलमध्ये लोक औषधाच्या वासाची तक्रार करतात आणि जुलैत त्याच डब्याने काहीच साधत नाही, याचे कारण एवढेच आहे.

योग्य मात्रा कागदावर काढण्यापेक्षा बादलीत काढावी, असे मी आग्रहाने सांगतो. २५ टक्क्यांची ४० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवून निवळू द्यावी. वरचे स्वच्छ द्रावण १ टक्क्याचे होते. गावाच्या पाण्याच्या १० लिटरच्या चार बादल्या घ्याव्यात आणि त्यांत या द्रावणाचे अनुक्रमे १, २, ३ आणि ४ मिलिलिटर सिरिंजने मोजून सोडावेत. ढवळून अर्धा तास थांबावे आणि प्रत्येक बादलीची ओटी चाचणी करावी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकून पिवळ्या रंगावरून शिल्लक क्लोरीन मोजावा. ज्या बादलीत ०.५ च्या आसपास पहिल्यांदा रंग येतो, तिचा आकडा म्हणजे लिटरला तितक्या मिलिग्रॅमची मात्रा. तो आकडा २ आला, तर आपल्या ५०,००० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ४०० ग्रॅम पावडर लागेल. पावडर उतरून २० टक्क्यांवर आली असेल, तर तेवढ्याच कामाला ५०० ग्रॅम लागतील. हा प्रयोग पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा करावा. शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घेतले, तर मुलेच तो बिनचूक करतात.

यातून आपल्या योजनेतला एक दोष पुढे येतो. पावडर विहिरीत पडते, टाकीत नाही. उघड्या विहिरीत ऊन क्लोरीन उडवते आणि झऱ्याचे नवे पाणी सतत येत राहते. विहिरीला रात्री, शेवटचा उपसा झाल्यावर, मात्रा द्यायला हरकत नाही, पण भरवसा टाकीवरच ठेवावा. माणशी ५५ लिटर धरले तरी आपल्या गावाला एका दिवसाचे सव्वा लाख लिटरहून अधिक पाणी लागते. एक दिवसाआड सोडायचे तर पुरवठ्याच्या दिवशी टाकी निदान पाच वेळा भरावी लागत असणार. प्रत्येक भरण्याला पावडर पडते का, हे कृपया स्वतः उभे राहून पाहावे. बहुतेक गावांत ती सकाळी एकदाच पडते. पहिल्या आळीला वास येईल इतका क्लोरीन मिळतो आणि दुपारी पाणी मिळणाऱ्या वस्तीला कोरे पाणी. ही दुपारची वस्ती गावात कोणाची असते, ते मी सांगायला नको. टाकीच्या चढणीच्या नळावर क्लोरीनचे द्रावण थेंबथेंब सोडणारा साधा डोसर बसवता आला, तर हा प्रश्न उरत नाही. आरओच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे.

पावडर कधीही कोरडी फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग पाणी वाढवून ढवळावे, दहा मिनिटे निवळू द्यावे, वरचे पाणी टाकीत ओतावे आणि तळाचा चुना बाहेर टाकून द्यावा. अर्धा तास गेल्याशिवाय पाणी सोडू नये.

आता शेवटचा नळ, आणि इथे थोडा वेळ थांबतो. ओटी चाचणी म्हणजे मात्रा बरोबर पडली का हे पाहण्याचे साधन, एवढाच तिचा उपयोग समजला जातो. माझ्या मते तिचा त्याहून मोठा उपयोग गळती शोधण्याचा आहे. एका गावात काविळीचे सोळा रुग्ण होते आणि त्यातले तेरा एकाच आळीतले. टाकीपाशी ओटी ०.५, मारुतीच्या देवळापाशी ०.५, शाळेपाशी ०.४. त्या आळीच्या तोंडाशी ०.३ आणि चार घरे पुढे गेल्यावर शून्य. क्लोरीन चार घरांच्या अंतरात हवेत विरत नाही, तो कशावर तरी खर्ची पडलेला असतो. त्या चार घरांसमोर खोदल्यावर गटारातून आडवी गेलेली नळाची जोडणी सापडली. रबरी नळी, तिच्यावर सुतळी आणि जुन्या कापडाची पट्टी. पाणी सुटलेले असताना त्या सांध्यातून पाणी बाहेर येई आणि लोक म्हणत, 'थोडेसे झिरपते.' पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरे आणि तोच सांधा गटाराचे पाणी आत ओढून घेई. एक दिवसाआड पाणी सुटणाऱ्या गावात नळ तासभर भरलेला आणि सत्तेचाळीस तास रिकामा असतो, हे विसरता कामा नये. आपल्याकडे पाणी कमी दाबाने येते म्हणून घराघरांत नळासाठी खड्डे खणलेले असतील आणि काहींनी थेट नळाला मोटार लावली असेल. खड्ड्यात पावसाचे, भांड्यांचे पाणी साचते आणि पुरवठा थांबताना तेच नळात मागे जाते. मोटार शेजारच्या सांध्यांतून घाण खेचते. यावर ग्रामसभेत वाद होतील, मते जातील, तरीही खड्डे बुजवून नळाला उंची आणि तोटी देण्याचे काम मे महिन्यात उरकावे.

म्हणून चाचणीची जागा आधी ठरवा: टाकीखाली एक, मध्यावर दोन आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकेक. पाणी सुटल्यावर दोन मिनिटांनी नमुना घ्या, थेंब टाकल्यावर लगेच, दहा सेकंदांच्या आत, रंग जुळवा. थांबून पाहिले तर जोडलेला, म्हणजे पाण्यातल्या घाणीशी आधीच संयोग पावलेला, क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फसवतो. ओटीचे रसायन आरोग्याला चांगले नाही, त्यामुळे हाताला लागू देऊ नका आणि तपासलेले पाणी गुरांच्या हौदात ओतू नका. शक्य असेल तर गुलाबी रंग देणारा डीपीडी संच घ्या. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्याकडचा संच कपाटात असेल, तर तो बाहेर काढा आणि त्यातल्या रसायनांची मुदत आधी वाचा.

विहिरीविषयी थोडक्यात लिहितो. काठडा पाऊण मीटर तरी उंच हवा, भोवती उताराचा सिमेंटचा ओटा आणि सांडपाणी दूर नेणारी चर हवी, वर जाळी हवी. उकिरडा, जनावरांचा गोठा, कपडे धुण्याचा दगड हे ओटा सोडून लांब जावेत. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा हा नियम ठीक आहे, पण आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांमधून धावते आणि भेग कुठून कुठे गेली आहे ते मीटरपट्टीला कळत नाही. पहिल्या पावसानंतर विहिरीचे पाणी एका रात्रीत गढूळ होत असेल, तर ओढ्याचे पाणी काठावरून किंवा खडकाच्या भेगेतून थेट आत येते असे समजावे. ओढ्याच्या बाजूचे बांधकाम तीन मीटर खोलीपर्यंत सिमेंटने बुजवून घ्यावे. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात आपल्या ग्रामपंचायतीला कोणते कार्ड मिळाले, ते पाहा. लाल, म्हणजे धोक्याचे, कार्ड मिळालेले असेल तर त्याची कारणे त्याच कागदावर लिहिलेली असतात आणि ती वाचणारा सरपंच मला क्वचितच भेटला.

वीजबिलाचा विषय पाण्याच्या सुरक्षिततेत कोणी धरत नाही. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत, दूषित विहिरीचे पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ आली आणि माणसे दगावली. वीज तोडल्यामुळे नळयोजना बंद होती आणि लोक उघड्या विहिरीकडे वळले होते. तेव्हा मोटार जळली, वीज गेली किंवा नळ फुटला तर गाव कोणत्या पाण्याकडे वळते, त्या दुसऱ्या विहिरीची किंवा हातपंपाची नोंद आजच करून ठेवा आणि पावसाळ्यात तिलाही मात्रा देत राहा. उन्हाळ्यात टँकर लागत असेल, तर तो विहिरीत ओतू देऊ नका. १०,००० लिटरच्या टँकरला भरतानाच ८० ग्रॅम पावडरचे द्रावण घालावे.

हे सारे ज्याच्या हातून होते तो जलसुरक्षक बहुधा आपला पाणीपुरवठा कर्मचारीच असतो. त्याचे मानधन चार-चार महिने थकते, त्याला हातमोजे मिळत नाहीत, टाकीची शिडी गंजलेली असते आणि वर चढायला तो पावसात का कचरतो, हे कोणी विचारत नाही. ओटीच्या वहीत सलग तीस दिवस '०.५' लिहिलेले दिसले, तर ती वही घरी बसून लिहिलेली आहे हे मी पाहताक्षणी सांगू शकतो. खऱ्या वहीत चढउतार असतात, मधूनच एखादे शून्य असते. पहिल्या शून्याला त्याला रागावलात, तर दुसरे शून्य आपल्याला कधीच दिसणार नाही. मानधन वेळेवर द्या, शिडी दुरुस्त करा आणि शून्य लिहिल्याबद्दल त्याला सभेत शाबासकी द्या. आशाताईंना जुलाबाच्या रुग्णांची संख्या दर सोमवारी, आळीवार, आपल्याला कळवायला सांगा. एका आळीत दोनाचे पाच झाले की त्याच दिवशी त्या आळीचा शेवटचा नळ तपासायचा.

घरात गेल्यावर माठाला झाकण आणि ओगराळे, एवढे जरी झाले तरी पुष्कळ आहे. साथ सुरू असेल तर लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या पिण्याचे पाणी उकळलेलेच असावे, कारण 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते. पाणी गढूळ असताना मेडिक्लोरचे (घरगुती वापराच्या क्लोरीनच्या द्रावणाचे) थेंब टाकून उपयोग होत नाही, आधी तुरटीने निवळून, गाळून घ्यावे लागते.

राहिला आरओ. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा होते तशी रासायनिक तपासणी एकदा होते. त्या अहवालात फ्लोराईड, नायट्रेट आणि एकूण विरघळलेले क्षार हे तीन आकडे पाहा. फ्लोराईड १.५, नायट्रेट ४५ आणि क्षार २,००० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत असतील, तर आरओचा प्रस्ताव बाजूला ठेवून तो निधी डोसर, गटारातून गेलेल्या जोडण्या आणि नळांचे खड्डे यांवर खर्च करा. नायट्रेट ४५ च्या वर असेल, तर पाणी उकळू नका असे गावाला सांगा, कारण उकळल्याने पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. मग साथीच्या दिवसांत तान्ह्या मुलांसाठी पाण्याची वेगळी व्यवस्था करावी लागेल. फ्लोराईड जास्त असेल, तर ते पाणी विहिरीचे आहे की कोणा खोल बोअरचे मिसळते आहे, हे आधी शोधा. यवतमाळ-चंद्रपूरकडे दात पिवळे पडलेली मुले मी पाहिली आहेत, आणि बोअर बंद करून उथळ विहिरीकडे परतल्यावर फ्लोराईडचा आकडा उतरलेलाही पाहिला आहे. हे तीन आकडे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाची पंधरा दिवसांची ओटीची वही, शून्यांसकट, मला पाठवलीत, तर नळ कुठे खोदायचा ते नकाशावर खूण करून कळवतो.